गोल्डपटू

चिनावलच्या बागेत ती स्कूटीवरून उतरली तेव्हा
मी टेम्पोत रिकामे क्रेट रचत होतो.
रात्रीच्या वावधनानं केळी आडवी झालेली,
घड कच्चे, खोडं कमरेत मोडलेली.
डोक्यावर विमा कंपनीची टोपी, बगलेत फायल.
तिनं वाळल्या पानाची एक चिंधी तोडली,
डोळ्यांच्या उंचीवरून सोडून दिली
आणि कुठं पडते ते पाहिलं.

चेहरा नंतर ओळखला.
आधी तो हात ओळखला.

हर्षला भारंबे.
फॅक्टरीच्या वसाहतीमागं नऊ खड्ड्यांचं मैदान होतं,
हिरवळ नावापुरती, तीही श्रावणात.
खड्ड्याभोवती वाळू, वाळूत जळकं तेल,
ते तेल ओतायचं काम तिच्या बापाचं.
प्रभाकरकाकांच्या विजारीला कायम इंजिनाचा वास.
बदली झालेल्या कुणा साहेबानं मागं टाकलेली
सात नंबरची काठी त्यांनी करवतीनं कापून
तिच्या उंचीची केली.
दर वर्षी ती उंच व्हायची, काठी नाही.
म्हणून वाकून खेळायला शिकली.
पुढं पुण्यात सगळे विचारायचे, ही ढब कुणाची?

मी चेंडू शोधायचो. तुरीत गेला तर एक रुपया,
नाल्यात गेला तर दोन.
तिच्यावर माझी कमाई कधी झाली नाही.
एकदा सोडून.

कॉलेजात असताना तिनं विद्यापीठांच्या स्पर्धेत
पदक आणलं, लागोपाठ दोनदा.
पेपरात फोटो आला, खाली छापलं : गोल्डपटू.
जळगाव म्हटलं की लोकांना सोनंच सुचतं,
तिच्या आत्याला चार दिवस फोन,
पोरगी कोणत्या पेढीवर बसते?

मग कॉलेज संपलं.
ती हरली असती तर सांगायला सोपं गेलं असतं.
हरली नाही. फक्त वसतिगृहाची खोली सोडावी लागली
आणि खोलीबरोबर मैदानाचा पास.
क्लबच्या सभासदत्वाचा आकडा काकांनी
दोनदा विचारला, पहिल्यांदा त्यांना वाटलं
समोरचा फोन नंबर सांगतोय.

दोन वर्षं तिनं बिल्डरांच्या पोरांना
मूठ कशी धरायची ते शिकवलं.
एक पोरगा रोज रडायचा,
तोच तेवढा बरा खेळायचा, म्हणाली.
मग परत आली.
का, ते मी विचारलं नाही.
मला वाटतं, तिनंही स्वतःला नाही.

नेहेतेअण्णा बांधावर तावातावानं बोलत होते.
केंद्रावरचं यंत्र अडतीस सांगत होतं,
चाळीस भरल्याशिवाय कागद पुढं सरकत नाही,
आणि ते यंत्र उभं शाळेच्या भिंतीआड,
त्याले काय घंटा कळते?
ती ऐकत नव्हती. ओळीतून चालत होती,
पडलेल्या खोडांकडे अशी बघत,
जशी चेंडूपासून खड्ड्यापर्यंत बघायची,
एक गुडघा मातीत, एक डोळा बारीक.
सातपुड्याकडून आला वारा, म्हणाली,
नाल्यापाशी वळला.
भिंतीपर्यंत पोचलाच नाही.
आणि तसंच लिहिलं.
अण्णा गप्प. मग हळूच,
"तुले हवा कशी काय समजते वं, माय?"
"सवय."

टेम्पोच्या काचेपाशी गणपतीच्या शेजारी
माझा एक चेंडू असतो, पिवळा पडलेला,
त्यावर हिरव्या पेनाचा ठिपका.
तुरीतला. रुपया न घेता ठेवलेला.
काढून तिच्या पुढं धरला.
तिनं फिरवून पाहिला.
"माझा नाही हा. माझ्यावर दोन ठिपके असायचे."

चौदा वर्षं, आणि दोन ठिपके.

तरी तिनं तो ओल्या मातीवर ठेवला,
पाटचारीपर्यंतचं अंतर नजरेनं मोजलं.
"सात नंबर," म्हणाली, "पण हलक्या हातानं."
मग उचलला, ओढणीला पुसला,
माझ्या हातावर ठेवला.

बाराशे झाडांची बाग,
मोजून झाल्या होत्या फक्त दोन ओळी.
"फायल धर," म्हणाली.